मधल्या फळीवरचा कप

४ जून

खारू,
पोटभर आशीर्वाद.

विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतात की बाटली नुसतीच कपाटात उभी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का? बस चालवताना खिडकी सताड उघडी ठेवतात, वारा छातीत बसतो. गळ्याला रुमाल बांधा म्हणावं, कोणी हसलं तर हसू दे. छकुलीचा पडलेला दात आला का? आणि तू कशी आहेस? तुझं शेवटी विचारते, कारण तू स्वतःबद्दल एवढंच लिहितेस की ‘मी बरी आहे’, आणि ते वाचायला चष्मासुद्धा लागत नाही.

इकडे तुझा बाबा ठणठणीत आहे. सकाळी फिरायला जातो आणि मनगटावर घड्याळ असून वाटेतल्या प्रत्येकाला वेळ विचारतो. तेवढंच बोलणं होतं, म्हणतो. माझे पाय चालतात, तोंड तर चालतंच. कानांचं मात्र काही खरं नाही. डावा कायमचा संपावर गेलाय, उजवा अर्धा दिवस कामावर येतो. चाळीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात या कानांवर पोट भरलं, आता दमले बिचारे.

म्हणून तर हे पत्र. परवा तू फोनवर काहीतरी महत्त्वाचं सांगत होतीस. मी आपली ‘हो हो’ करत बसले, मग फोन तुझ्या बाबाकडे दिला आणि त्याने ठेवल्यावर विचारलं, “काय म्हणाली रे?” तो म्हणाला, “खारूला खुर्ची देऊ केलीय कारखान्यात.” कुठली खुर्ची, कधीपासून, हे त्याने विचारलंच नाही. पुरुषमाणूस! बातमी आणतो ती निम्मी.

तेव्हा सगळं कागदावर लिही. सविस्तर लिही. मी कागद डोळ्यांनी ऐकते.

तुझी
आत्या

---

११ जून

आत्या,
नमस्कार.

आधी सगळ्यांच्या तब्येतीचा अहवाल देते, नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस. सासूबाई तेल लावतात, पण वास आवडत नाही म्हणून खिडकीबाहेर नाक काढून लावतात. ह्यांचा खोकला गेला. रुमालही बांधतात, कंडक्टर त्यांना ‘नवरदेव’ म्हणतो. छकुलीचा दात अजून आलेला नाही. त्या फटीतून ती शिट्टी वाजवायला शिकली आणि परवा वर्गाबाहेर उभी राहिली. मी बरी आहे. (लाव चष्मा.)

आता खुर्चीचं. आपल्या तपासणी खात्याचे प्रमुख निवृत्त होतायत. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “एक तारखेपासून खातं तुम्ही सांभाळा.” चौदा जणी माझ्या हाताखाली. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक कपबशीवर शेवटचा शिक्का माझा. विचार करायला तीस तारखेपर्यंत वेळ दिलाय.

खात्यात तू गेल्यापासून काही बदललेलं नाही. त्याच लाकडी कांड्या. कप ठोकळ्यावर ठेवायचा, कांडीने टिचकी मारायची. खणखणीत वाजला की उजव्या फळीवर, बद्द वाजला की डाव्या टोपलीत. शंका आली तर मधल्या फळीवर. आणि नियमही तोच, संध्याकाळच्या भोंग्याआधी मधली फळी प्रमुखाने रिकामी करायची. शंकेचा एकही कप तिथे दुसऱ्या दिवसापर्यंत राहता कामा नये.

आत्या, मी नाही म्हणणार आहे. छकुली आत्ताच शाळेला लागलीय. ह्यांच्या पाळ्यांचा भरवसा नाही. सासूबाईंचे गुडघे तुला माहीत आहेत. आणि खरं सांगू? हीच खुर्ची तू माझ्यासाठी सोडली होतीस. मी सहा वर्षांची, आई नसलेली, तीन आठवडे तापाने फणफणलेली, आणि तू साहेबांना जाऊन सांगितलंस की माझं पोर आधी. हे ऐकतच मी मोठी झाले. परीक्षेत पहिली आले तरी बाबा म्हणायचे, “आधी आत्याला दाखव. तिने तुझ्यासाठी खुर्ची सोडली.”

आता माझी छकुली सहाची आहे. तू जे माझ्यासाठी केलंस ते मी तिच्यासाठी नको करायला?

तुझी
खारू

---

१७ जून

खारू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हसू आलं, आणि लगेच लिहायला बसले.

अगं, छकुलीला ताप आलेला नाही, तिचा दात पडलाय. दात पडला म्हणून कोणी खुर्ची सोडत नाही. तो पडतो तसा येतो, आईने घरी बसून लवकर येत नाही. विहीणबाईंच्या गुडघ्यांवर तेलाचा उपाय आहे, तुझ्या घरी बसण्याचा नाही.

मी चार यत्ता शिकलेली बाई. पुढचं वाचायला शिकले ते कपबशा गुंडाळायच्या रद्दीवर. पॅकिंगच्या बायका ओरडायच्या, “अगं, गुंडाळ, वाचत काय बसलीस!” त्यामुळे मला अजूनही बातमीचा शेवट माहीत नसतो, तो कुठल्यातरी बशीबरोबर निघून गेलेला असायचा. तू बारावी झालीस, हिशोब तोंडपाठ, चौदा जणींत तुझ्यासारखा कान कोणाचा नाही, हे मी निवृत्त होताना साहेबांना स्वतः सांगितलंय. मग अडतंय कुठे?

माझ्या वेळचं सोड. ते दिवस वेगळे होते. त्यात फार शिरू नकोस. जुनी पेटी उघडली की धूळच उडते. तू तुझं बघ आणि हो म्हणून टाक.

तुझा बाबा सांगतोय, त्याला वेळ बरोबर दाखवणारं नवीन घड्याळ हवंय. आहे तेही बरोबरच आहे.

आत्या

---

२३ जून

आत्या,

‘हो म्हणून टाक’ म्हणायला सोपं आहे. तुझं पत्र वाचून वाटलं, काहीतरी बोलता बोलता तू उठून आत निघून गेलीस.

इथे सगळेच मला हो म्हण म्हणतायत. हे म्हणाले, “सकाळची वेणी मी घालेन, त्यात काय!” दोन दिवस माझ्या ओढणीवर सराव केला, तिसऱ्या दिवशी छकुलीला घातली. ती शाळेत गेली तर बाईंनी विचारलं, “वाटेत वादळ लागलं का गं?” सासूबाई म्हणाल्या, “माझे गुडघे दुखतात, हात नाही दुखत. घर मी बघते.” म्हणजे कारणं एकेक करून गळून पडली, तरी माझा जीव होत नाही. डोळ्यांसमोर तूच येतेस, माझ्या उशाशी बसलेली. वाटतं, खुर्ची घेतली तर तू केलंस त्याची मी किंमत ठेवली नाही.

त्यात परवा भट्टीचा नवा मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, “बसा की बाई खुर्चीवर. आमचे वडील सांगायचे, मागेही एक बाई बसली होती. दीड महिन्यात तिला घरची आठवण आली.” सगळे हसले. आत्या, माझी कानशिलं तापली. त्याला माहीत नव्हतं की ती बाई माझी आत्या आणि ती माझ्यासाठी उठली. मी कप उचलला आणि टिचकी मारली, जरा जोरातच.

नकाराचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलंय. साहेब बाहेरगावी आहेत, तीस तारखेला येतील तेव्हा देईन. आता या विषयावर तू काही लिहू नकोस. रागावू नकोस, एवढंच.

खारू

---

२६ जून

खारू,

आज तब्येती विचारत नाही. हे पत्र टपालाने वेळेत पोचायचं नाही म्हणून जावईबापूंच्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. सोबत एक पुडकं आहे. ते जपून उघड.

तो मिस्त्री बोलला ते खोटं आहे. तू समजतेस तेही खोटं आहे. दोन्ही खोट्यांची आई मीच.

मी खुर्ची तुझ्यासाठी सोडली नाही. मी भ्यायले आणि सोडली. तुला ताप आला तो मी खुर्ची सोडल्यानंतर सोळा दिवसांनी.

आता सगळं सांगते. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

पहिले तीन आठवडे मी त्या खुर्चीवर राणीसारखी होते. खुर्चीचा एक पाय आखूड, ती डुगडुगायची, म्हणून पुठ्ठ्याची घडी घालून तिच्या पायाखाली ठेवली होती. बायका म्हणायच्या, “आमची बाई प्रमुख झाली,” आणि उगाचच माझ्या टेबलावरून फडकं फिरवून जायच्या. भोंग्याआधी मधली फळी मी एका दमात रिकामी करायचे. हा पास, हा नापास, हा पास.

चौथ्या आठवड्यात एका दवाखान्याचं पत्र आलं. आमच्या एका कपाचा कान गळून पडला आणि गरम दूध एका आजीबाईंच्या मांडीवर सांडलं. कपाखाली शिक्का माझा. साहेब मला रागावले नाहीत. “लक्ष ठेवा,” एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, रडून मोकळी झाले असते. मी ती आजी कधी पाहिली नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्या टेबलासमोर येऊन बसली. कुठलाही कप वाजवला की मला बद्द ऐकू यायचा. चांगला मालसुद्धा मी डाव्या टोपलीत टाकायला लागले. भट्टीवाले भांडायला आले. मग टोपलीतही टाकवेना आणि फळीवरही ठेवेना. मधल्या फळीवर राहू द्यायला लागले. संध्याकाळी वरून फडकं टाकून झाकायचे, सकाळी फडकं काढायचे. पहिल्या दिवशी तीन कप होते. शनिवारी त्रेचाळीस.

सोमवारी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, “घरच्या अडचणीमुळे जमत नाही. घरी लहान पोर आहे.” साहेबांनी सुटल्यासारखा श्वास टाकला. मीही टाकला. मला ‘भीती वाटते’ असं म्हणता आलं असतं. पण बाईने घर म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. मी तुला पुढे केलं, खारू. तू तेव्हा अंगणात खडूने घरं आखत होतीस.

मग तुझा ताप आला. तुझा बाबा नोकरीच्या गावाहून धावत आला. त्याने तू आजारी आणि मी खुर्ची सोडलेली, एवढं पाहिलं आणि दोन्ही गोष्टी स्वतःच जोडल्या. म्हणाला, “ताई, तू माझ्या पोरीसाठी खुर्ची सोडलीस.” मी ‘हो’ म्हणाले. एकच अक्षर. तो रडला, आणि मग ते परत घ्यायची सोयच राहिली नाही.

एवढंच असतं तरी मी गप्प राहिले असते. पण माझ्यानंतर तीन साहेब बदलले आणि वाक्य एकच राहिलं, “एका बाईला दिली होती, तिचं घर सुटलं नाही.” अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीवर बाई बसली नाही. तुझ्या खात्यात अजून आहे ना, त्या आपल्या चष्मेवालीला दोनदा डावललं. कामात ती माझ्याहून तयार होती. मी शेजारी उभी होते. तोंड उघडून म्हणायला हवं होतं की घराचं काही नव्हतं, मीच डगमगले, तिचा काय दोष? तसं म्हणाले नाही. देवासारखं त्यागाचं नाव मिळालं होतं, ते खाली ठेववेना.

पुडक्यातला कप त्या त्रेचाळीसांतला आहे. खुर्चीवरच्या शेवटच्या दिवशी पदराखाली लपवून आणला. चोरीच म्हण. अठ्ठावीस वर्षं माझ्या पेटीत चादरीच्या तुकड्यात आहे. मधूनमधून काढून वाजवायचे. कधी पास वाटायचा, कधी नापास. आता कानच राहिले नाहीत. याचं काय ते तू ठरव.

आणि खुर्चीला नाही म्हणायचं तर खुशाल म्हण. पण स्वतःच्या कारणासाठी म्हण. माझं कारण घेऊ नकोस. ते कारण नव्हतंच.

आत्या

---

१ जुलै

आत्या,

पत्र पोचलं. पुडकंही. कप फुटलेला नाही.

आत्ता मला काही लिहिता येत नाही.

खारू

---

१९ जुलै

खारू,

विहीणबाई, जावईबापू, छकुली सगळी बरी असतील. तू रागावली आहेस हे ठीक आहे. रागाने जेवण टाकू नकोस म्हणजे झालं.

तुझ्या बाबाला मी परवा सगळं सांगितलं. बाकावर बसलो होतो. त्याने घड्याळाला किल्ली दिली. मग म्हणाला, “ताई, तापात तू तिच्याजवळ बसली होतीस ना?” मी म्हणाले, हो. “मग चल घरी,” म्हणाला. वाटेत त्याने कोणालाही वेळ विचारली नाही.

पोस्टमन आपल्या फाटकावरून न थांबता जातो. त्याची सायकल हल्ली मला ऐकू येत नाही, म्हणून अकरा वाजले की मी खिडकीत येऊन उभी राहते. शिव्या द्यायच्या तर कागदावर दे. पण दे.

आत्या

---

१८ ऑगस्ट

आत्या,

आधी राग आला म्हणून लिहिलं नाही. मग कामाने लिहू दिलं नाही. मग एका गोष्टीची वाट बघत होते म्हणून. ती या पत्रासोबतच्या खोक्यात आहे, पण खोकं आत्ता उघडू नकोस. आधी हे वाच.

राग कशाचा आला सांगू? तू भ्यालीस याचा नाही. तुझ्या त्या ‘हो’वर माझं अख्खं लहानपण उभं होतं. शाळेच्या सहलीला मी कधी गेले नाही, तू एकटी राहशील म्हणून. हट्ट केला नाही. तू वरण आळणी केलंस तरी मी दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. आणि आता कळलं की सोळा दिवसांचा फरक होता! दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. छकुली तिच्या फटीतून शिट्टी वाजवायची, मी हसायचेही नाही.

पण तीस तारखेचं ऐक. सकाळी बसस्टॉपवर नकाराचं पत्र काढून एकदा वाचलं. पहिलीच ओळ, ‘घरच्या अडचणीमुळे’. आत्या, तेच शब्द. माझ्या घरी अडचण कुठे होती? नवरा वेणी घालायला शिकलेला, सासू कंबर कसून उभी. अडचण माझ्या पोटात होती. उद्या शिक्का माझा, आणि एखादा कान गळला तर? मी तुझ्या त्यागामागे लपले होते. तुझा त्याग काढून घेतलास तेव्हा मला लपायला जागाच उरली नाही.

साहेबांना म्हणाले, “येते. पण भीती वाटते.” ते म्हणाले, “मलाही वाटते. एक तारखेला आठ वाजता या.”

खुर्ची तीच आहे. अजून डुगडुगते. माझं नकाराचं पत्र चार घड्या घालून तिच्या पायाखाली ठेवलंय. अगदी बरोबर बसलं.

पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. उजव्या फळीवरचा प्रत्येक कप मी पुन्हा वाजवून बघायला लागले. पोरींनी पास केलेला, तोही. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्या मावशींनी कांडी खाली ठेवली. “मग आम्ही कशाला गं इथे? तूच मार सगळ्यांना टिचक्या. कपांना झाल्या की आम्हालाही मार.” चौदाच्या चौदा हात थांबले. मिस्त्री दारात येऊन उभा राहिला, दात दाखवत. मला तेव्हा तू दिसलीस, फडकं टाकून कप झाकणारी. मी उठले, मावशींसमोर गेले आणि म्हणाले, “चुकलं. तुमचा पास तो पास. मधल्या फळीपुरतं मला बोलवा, आणि तिथेही तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा.” त्यांनी कांडी उचलली. मिस्त्रीला मात्र म्हणाल्या, “तू काय बघतोस? भट्टी तापली की तुझं डोकं?”

दुसऱ्या दिवशी तुझा कप नेला आणि मधल्या फळीवर ठेवला. कोणाचा ते सांगितलं नाही. भोंग्याला दहा मिनिटं होती. मी वाजवला. मला पास वाटला. मावशींनी वाजवला, त्या म्हणाल्या, “नापास. कानापाशी आवाज अडखळतो.” मी पुन्हा वाजवला. “कुठे अडखळतो?” “तुझे कान अडखळतात.” तिसरीला बोलावलं, ती एकदा पास म्हणाली, एकदा नापास. भोंगा व्हायला दोन मिनिटं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी नापास म्हणाले. आत्या, मला अजूनही खात्री नाही. मी कदाचित एक चांगला कप फुकट घालवला. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याला खात्री असते असं जे आपल्याला वाटायचं ना, तसं काही नसतं. शेजारी कान असतात, आणि मग भोंगा होतो.

मग सांगितलं, कप कोणाचा ते. तुला न विचारता सांगितलं, माफ कर. मावशींना सगळं सांगितलं, त्यांना दोनदा का डावललं गेलं तेही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला, परत काढला. म्हणाल्या, “वेडी आहे तुझी आत्या. मी शेजारच्याच टेबलावर होते. एक हाक मारायची होती.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “तिला सांग, मी रागावलेय. चहाला ये म्हणावं, समोर बसवून रागावते. पत्रातून मजा नाही येत.”

तुझा कप नियमाप्रमाणे गेला. नापास माल चक्कीत दळून नव्या मातीत मिसळतात, तुला माहीतच आहे. मी त्या घाण्याच्या मातीवर लक्ष ठेवलं. सहा आठवडे लागले. त्या मातीचे कप काल भट्टीतून निघाले. त्यातला एक खोक्यात आहे. वाजवलेला नाही. कोणालाही वाजवू दिला नाही. शिक्काही मारलेला नाही. आधी तू ठरव, आणि मला कळव.

एक विचारायचं राहिलं. तापात तू उशाशी बसलेली मला आठवतेस. ओलं फडकं, आणि काहीतरी गुणगुणत होतीस. ते तरी खरं ना?

खारू

---

२५ ऑगस्ट

खारू,
पोटभर आशीर्वाद, आणि वर एक मूठ जास्त.

विहीणबाईंचे गुडघे, जावईबापूंचा रुमाल, छकुलीचा दात सगळं नंतर विचारते. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

ते खरं. एकवीस दिवस मी तिथून उठले नाही. गुणगुणत नव्हते, अगं. तू झोपेत कण्हायचीस तेव्हा मी कप मोजायचे, एक, दोन, तीन, तोंडातल्या तोंडात. मला दुसरं काही येत नव्हतं. त्रेचाळीसपर्यंत आले की पुन्हा एकपासून. ज्या कपांनी मला पळवून लावलं तेच म्हणून तुला झोपवलं. खुर्ची तुझ्यासाठी सोडली नाही, पण त्या उशाजवळची जागा जगातल्या कुठल्याही खुर्चीसाठी सोडली नसती. एवढं माझ्या नावावर राहू दे.

आळणी वरण दुसऱ्यांदा मागून घ्यायचीस हे मला माहीत होतं. मला वाटायचं, माझ्या हाताला चव आहे! अठ्ठावीस वर्षांनी तोही गैरसमज गेला. तुझा बाबा म्हणतो, “ताई, मला तर आधीपासून ठाऊक होतं.” या घरात सगळ्यांनी सगळ्यांपासून काहीतरी लपवलं, आणि त्यातलं निम्मं मायेने.

तुझा राग पुरेसा उतरला नसेल तर राहू दे थोडा. मी आले की त्याचं बघू. पुढच्या शनिवारच्या बसने येतेय. चष्मेवालीला निरोप दे की मी समोर बसून ऐकून घेईन, पण तिला म्हणावं, उजव्या कानाच्या बाजूने रागाव, डावीकडून रागावलीस तर फुकट जाईल.

आता कप. खोकं उघडलं. पांढराशुभ्र. तुझा बाबा म्हणाला, “दे, मी वाजवतो, तुला कुठे ऐकू येतंय?” मी त्याला बाहेर घालवलं. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवला, त्यावर कप. कांडी नव्हती, पेन्सिल घेतली. टिचकी मारली. काहीही ऐकू आलं नाही. उजवा कान पुढे केला, पुन्हा मारली. नाही. मग कप डाव्या हाताच्या बोटांवर अलगद धरला आणि तिसऱ्यांदा मारली. खारू, बोटांत एक बारीक थरथर आली. न अडखळता कडेकडेने गेली, कानाच्या मुळाशी पोचली आणि तिथून फिरून पुन्हा बोटांवर आली. एवढी वर्षं मी कानांनीच ऐकत राहिले, हाताला कधी विचारलंच नाही.

पुन्हा मारून पाहावी असं फार वाटलं. नाही मारली.

पास.

तुझ्या बाबाला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. त्यात चहा ओतलाय, गरम, अगदी काठापर्यंत, आणि हे लिहितेय तोवर निम्मा प्यालाही. शिक्का तुझा मार म्हणून कप येताना घेऊन येते.

शनिवारला अजून पाच दिवस आहेत. तेवढ्यात तुझं एक पत्र येऊ शकतं. दोन ओळी का होईनात, आजच टाक. मी अकराला खिडकीत आहेच.

तुझी
आत्या